उलट्या काचेतलं लग्न

मेइजी २५, मार्च ९
योकोहामा

बाबा,

रिवाजाप्रमाणे आधी ऋतूचं लिहिते. उमेची फुलं गळून गेली, समुद्रावरचा वारा अजून बोचतो आणि माझी सर्दी काही जात नाही. झालं ऋतूचं.

शेजारच्या ओतोराकाकूंचं पत्र आलं. त्या लिहितात की माझी पत्रं तुम्ही उघडता, वाचता, आणि मग घडी करून धार लावायच्या दगडाखाली सरकवता, कारण तो दगड डुगडुगतो. म्हणजे तीन वर्षांत मी काहीतरी उपयोगाचं लिहिलं म्हणायचं. पण मला दुसरंच विचारायचंय. कोरणीला हात लावायचा नाही अशी शपथ घेतलीत ना, मग धार कशाला लावता?

विचारून ठेवते. उत्तर तुम्ही देणार नाही.

स्टुडिओतलं फोटो रंगवायचं काम बरं चाललंय. फोटो पाहून तुम्हाला संताप येतो हे माहीत आहे. लाकडी ठशांच्या छापाची दुकानं बंद पडली, तुमचा प्रकाशक खानावळ काढून बसला, हे सगळं या फोटोच्या काचेमुळे, आणि त्याच काचेच्या दारी तुमची मुलगी कुंचला घेऊन बसली. "सावलीला रंग लावायला चाललीस, जा. परत या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही." विसरले नाहीये मी. पण बाबा, कधीतरी येऊन बघा हो, हसून हसून पुरेवाट होईल तुमची. आमच्याकडे वादळात सापडलेल्या बाईचा किमोनो उडतो तो तारेने. बर्फ कापसाचा. पाऊस काचेवर सुईने ओरखडलेला. त्या कापसाने मला शिंका येतात, तेवढ्या मात्र खऱ्या.

तर उद्या आमच्याकडे लग्न आहे. दचकू नका, खोटं आहे. आगबोटीतून उतरणाऱ्या परदेशी बायकांना म्हणे जपानी लग्न हवं, अल्बममध्ये चिकटवायला. नवरी म्हणून उभी राहायची ती ओहात्सू खरोखरच लग्न करून चिबाला निघून गेली, म्हणून मालकांनी मला बसवायचं ठरवलंय. नवरा मुलगा म्हणून इनोसुके नावाचा कुणीतरी आहे. मागचे पडदे रंगवतो. फुजी वगैरे. त्याच्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं काही नाही.

सोबत सुके मासे पाठवतेय. ते तरी दगडाखाली ठेवू नका.

ओफुसा


मार्च १२

बाबा,

वारा पडला. झालं ऋतूचं.

लग्न झालं. म्हणजे फोटो झाला. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे शिगेआजी म्हणून आहेत. कपडेपट सांभाळतात, रंगांसाठी सरस शिजवतात आणि उरलेल्या वेळात मालकांना रागावतात. मला पांढरा किमोनो, पांढरी टोपी, सगळं त्यांनी नेसवलं. इनोसुकेला काळा किमोनो दिला तो त्याला आखूड होत होता, म्हणून त्याला गुडघे दाबून बसवलं. मध्ये लाल लाखेचे तीन पेले. मालक कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यातून डोकं काढून म्हणाले, "आजी, पाणी ओता आणि बाजूला व्हा."

आजींनी किटली खाली ठेवली. "पाणी? पाण्याचे पेले कधी भरतात, ठाऊक आहे ना? पुन्हा न भेटण्याच्या निरोपाला. पोरांना आज बोहल्यावर बसवून उद्या पोचवायचंय का तुम्हाला?"

"अहो, फोटोत पाणी काय नि साके काय, सारखंच दिसतं!"

"दिसतं सारखं. पोटात गेल्यावर सारखं राहतं का?"

मालक पैसे काढीपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. चांगली मोठी सुरई भरून नादा भागातली तांदळाची साके आली, निगुतीने गरम केलेली. मग तीन पेले, प्रत्येकी तीन घोट, सगळं शिस्तीत. आणि नेमका शेवटच्या घोटाला इनोसुके हसला. काच वाया. पुन्हा पहिल्यापासून. मग बंदरात बोटीचा भोंगा झाला आणि मी दचकले. पुन्हा पहिल्यापासून. मग मी शिंकले. मी म्हटलं, आजी, नुसता पेला ओठाला लावते की. त्यांनी असे डोळे वटारले की मी मुकाट्याने प्यायले.

शेवटी एक काच साधली. आम्ही उठलो तेव्हा माझे पाय बधिर, आणि डोकं म्हणाल तर हलकं. सगळे टाळ्या वाजवत होते. आजी मात्र गंभीर.

"चला, झालं यांचं लग्न," म्हणाल्या.

"आजी, खोटं होतं ते," मी म्हटलं.

"नऊ घोट म्हणजे नऊ घोट. समोर कॅमेरा होता म्हणून त्याच्या गुळण्या होत नाहीत."

इनोसुकेचे कान लाल झाले होते. साके जास्त झाली असेल. सुरईत उरली होती ती काचांवरून छाप काढणाऱ्या गोन्ताने तिथेच संपवली आणि पडद्यावरच्या फुजीला वाकून नमस्कार केला.

गंमत म्हणून लिहिलं. दुसरं काही नाही.

ओफुसा


मार्च २०

बाबा,

ऋतू छान आहे. किती छान ते सांगता येत नाही.

सोबत त्या लग्नाच्या फोटोचा छाप पाठवतेय. माझ्या कामाचा नमुना म्हणून. रंग मी स्वतः

नाही. वरच्या ओळी खोडणार होते, पण कागद चांगला आहे. तशाच राहू देते. सरळ लिहिते.

बाबा, फोटोत जो नवरा मुलगा आहे त्याच्याशी मला लग्न करायचंय. खरं.

इनोसुके सेन्दाईकडचा. आईबाप नाहीत, एक म्हातारी आत्या आहे. गेली दोन वर्षं तो रोज फुजी रंगवतोय. पहाटे आकाश निवळलं की खरा फुजी आमच्या गच्चीवरून दिसतो, तेव्हा तो डोळे बारीक करून म्हणतो, "जरा जास्तच डावीकडे ठेवलाय." भाजलेलं रताळं घेतलं की मोठा तुकडा मला देतो आणि वर म्हणतो, मला रताळं आवडत नाही. साफ खोटं. मी गेल्यावर तो साल चाटतो, मी लपून पाहिलंय. हुशार नाही फार. पण त्याच्याजवळ बसलं की मला उगाच हसू येतं, आणि बाबा, आई गेल्यापासून उगाच हसू येणं काय असतं ते मी विसरले होते.

परवा त्याने विचारलं. मागच्या पडद्याला निळा रंग देत होता, माझ्याकडे पाठ. म्हणाला, "शिगेआजी म्हणतात आपलं झालंय. मला वाटलं, तुलाही विचारावं." मी म्हटलं, तोंड इकडे करून विचार. त्याने तोंड वळवलं आणि कुंचला सरळ फुजीच्या शिखरावरून खाली आला. तो पडदा आता मालक ज्वालामुखी म्हणून विकणार आहेत.

तुमच्या शिक्क्याशिवाय कचेरीत लग्न नोंदत नाहीत. पण शिक्क्याचं सोडा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी पेला उचलणार नाही, हे त्यालाही सांगून टाकलंय. आजी म्हणतात उचलून झालाय, पण त्यांचं राहू दे.

फोटो बघा. माझा पांढरा किमोनो मी रंगवला नाही, कोरा कागद सोडला. त्याचा काळा आहे तसाच ठेवला. फक्त पेल्यांना शेंदरी लावलाय आणि दोघांच्या गालांना थोडं करडईचं लाल. रंगवायला होतंच काय! तरी मी सबंध दिवस घेतला.

नाही म्हणायचं असेल तर नाही लिहा. पण लिहा. हे एक पत्र दगडाखाली नको.

तुमची ओफुसा


मार्च २२

बाबा,

पाकीट उघडू नका! उघडलं असेल तर फोटो बघू नका. बघितला असेल तर आधी अशुभ जायला मीठ टाका आणि मग हे वाचा.

आज सकाळी शिगेआजींनी त्याच फोटोच्या रंगवून वाळत घातलेल्या छापांवर नजर टाकली आणि सरसाचं भांडंच सोडलं हातातून. "अगं बाई! हे कोण मेलं?"

आम्ही सगळे धावलो. मलाही आधी कळेना. मग त्यांनी माझंच बोट धरून फोटोतल्या माझ्या गळ्याशी नेलं. किमोनोची उजवी बाजू वर. त्याचीही उजवी बाजू वर. बाबा, जिवंत माणूस डावी बाजू वर घेतो, लहान पोरालाही हे शिकवावं लागत नाही. उजवी वर घेऊन एकालाच नेसवतात, ज्याला न्यायचं असतं त्याला. आणि अंगावर पांढरं! लग्नाचंही पांढरं, प्रेताचंही पांढरं, फरक तो एवढाच. मी माझ्या लग्नाचा म्हणून जो फोटो तुम्हाला पाठवला त्यात तुमची मुलगी तिरडीच्या वेषात बसली आहे, आणि शेजारी जावईसुद्धा.

काच उलटी पडली होती. गोन्ताने फोटोच्या दुसऱ्या सकाळी, डोकं दुखत असताना, काच कागदावर पालथी ठेवायची ती उताणी ठेवली, आणि डाव्याचं उजवं झालं सगळं. आता कोपऱ्यात बसून रडतोय. आजींनी त्याच्यावर, आमच्यावर, कॅमेऱ्यावर मीठ टाकलं. मालक ओरडले की भिंगात गेलं. एक अमेरिकन बाई त्यातलाच छाप घेऊन परवाच्या बोटीने गेली. "किती गोड जोडपं," म्हणाली म्हणे. जाऊ दे, तिला काय कळतंय. तिच्या दिवाणखान्यात आम्ही सुखाने मेलेले असू.

पण तुम्हाला कळतं. तुम्ही एका नजरेत ओळखाल. आधीच माझ्या कामावर राग, त्यात हे. शकुन म्हणून काय पाठवलं मी!

तुम्ही विचाराल, तुझे डोळे कुठे चरायला गेले होते? दुसऱ्या कुणाच्या फोटोत पट्ट्याची गाठ चुकली तरी मला दुरून दिसते. सबंध दिवस तो कागद माझ्या नाकासमोर होता. बाबा, लाज सोडून लिहिते. मी कपड्यांकडे पाहिलंच नाही. त्याच्या तोंडाकडे बघत होते. सबंध दिवस.

रागवा, पण एक ओळ लिहा.

ओफुसा


एप्रिल ६

बाबा,

ऋतूचं काय लिहू? साकुरा फुललाय, लोक डबे घेऊन टेकडीवर चाललेत, आणि मी टपालवाल्याची वाट बघत दारात बसलेय.

तुमची ओळ आली नाही. ओतोराकाकूंची मात्र पानंच्या पानं आली. त्या लिहितात, फोटो आला त्या दिवशी तुम्ही तो धरून दारात बराच वेळ उभे होता. मग छत्री न घेताच बाहेर पडलात आणि एक लाकडी फळी खांद्यावर घेऊन आलात. तेव्हापासून खिडक्या बंद. आतून दिवसभर ठक ठक. दारात ठेवलेला भात तसाच राहतो.

फळी. कोरणी. ठक ठक. बाबा, माझ्या नावाची पाटी तर नाही ना कोरत, मेलेल्यांच्या देव्हाऱ्यात आईशेजारी ठेवायला? शिगेआजींना मी हे विचारायला नको होतं. त्या म्हणाल्या, "एका पाटीला इतके दिवस लागत नाहीत. दोन असतील." मग माझं तोंड पाहून त्यांनी मला गरम लाल भाताचा गोळा दिला आणि स्वतःच डोळे पुसले.

तुम्ही मला घरात घेतलं नाहीत, ते मी सोसलं. पण जिवंतपणी पाटी नका हो करू माझी. इतकं सुख झालंय मला, तुम्हाला माहीत नाही.

इनोसुकेला राहवलं नाही. मला न सांगता रविवारच्या गाडीने टोकियोला गेला. तुमच्या बंद खिडकीसमोर उभं राहून त्याने सगळं ओरडून सांगितलं म्हणे. साके, गोन्ता, काच, सगळं. गल्ली गोळा झाली. शेवटी ओरडला, "आम्ही जिवंत आहोत, काका!" आतली ठक ठक थांबली. त्याने दाराला कान लावला. मग पुन्हा सुरू झाली. तेव्हा तो तुमच्या दाराची निखळलेली फळी ठोकून बसवून परत आला.

मी त्याच्यावर खूप रागावले. मग त्याने खिशातून रताळं काढलं.

ओफुसा


एप्रिल १५
आसाकुसा, टोकियो

ओफुसा,

पाऊस नाही. झालं ऋतूचं.

तीन वर्षांत लिहायची सवय गेली, म्हणून अक्षर वाकडं. हात मात्र गेला नाही, असं वाटतं. सोबत छाप पाठवला आहे. आधी तो बघ. मग पुढे वाच.

पाहिलास? कुणाची कुठली बाजू वर आहे?

अगं, ठसे कोरणाऱ्याची मुलगी तू, माझ्या पायाशी बसून मोठी झालीस, आणि या गोष्टीला घाबरलीस? चित्रकाराचं चित्र आम्ही फळीवर पालथं चिकटवतो. फळीवर सगळंच उलट. माझ्या हाताखाली चाळीस वर्षं बायका, योद्धे, नट, सगळे उजवी बाजू वर करूनच बसलेत. एकही मेलेला नव्हता. शाई लावून वर कागद दाबला की सगळे सरळ होऊन उठतात. तुझा फोटो पाकिटातून काढला आणि मी दारातच थांबलो. तुमच्या त्या काचेचं मला कधी काही कळलं नव्हतं. हे मात्र ओळखीचं होतं. वाटलं, कुणीतरी माझ्यासाठी काम अर्धं करून पाठवलंय.

फळी आणली आणि फोटो तसाच सरळ चिकटवला, उलटा तो होताच. त्यावरून कोरलं. तेव्हा तुझा फोटो आता शिल्लक नाही, लाकडाच्या भुश्शाबरोबर गेला. बरं झालं. ज्यात तुम्ही मेलात तो गेला, आणि हा राहिला.

तुझे केस मी मन लावून कोरलेत. कपाळापाशी बघ, एकेक वेगळा आहे. तुमच्या काचेला केस दिसतच नाहीत, नुसता डांबराचा गोळा. शिंकून नाक लाल झालं होतं ना तुझं? ते काचेत नाही दिसत, पण बसण्यात दिसतं. तुझ्या आईचंही तसंच असायचं.

पोराचं तोंड दोनदा कोरावं लागलं. पहिल्यांदा मी मुद्दाम वाईट कोरलं होतं. मग फळीचा तो तुकडा काढून नवा बसवला. त्याने पेल्याकडे बघायला हवं, बघतोय तुझ्याकडे. डोळे कोरताना माणसाला लबाडी करता येत नाही, कोरणी घसरते. त्याच्या डोळ्यांना एकदाही घसरली नाही. त्याला सांग, मी बहिरा नाही, इतकं ओरडायची गरज नव्हती. दार आता नीट लागतं.

खिडक्या लावल्या होत्या कारण ओतोरा डोकावते.

छाप काळ्या रेघेचाच आहे, रंगाच्या फळ्या कोरल्या नाहीत. रंग तू भर. सावलीला रंग लावतेस म्हणालो होतो, ते चुकलं असं लिहिणार नाही. आता बापाच्या रेघेला लाव, बघू जमतं का. किमोनो कोरा सोडायचा, ते तू बरोबर केलंस. शेंदरी मात्र फिका आहे तुमच्याकडचा. माझ्याकडे जुना ठेवणीतला आहे, तो आणतो.

हो, येतोय. शिक्का घेऊन येतोय. साके पुन्हा आणायला सांग त्या मालकाला, आणि नऊ घोट माझ्यासमोर पुन्हा व्हायला हवेत. त्या म्हाताऱ्या बाईंचं म्हणणं मला मान्य आहे, पण मी पाहिलेलं नाही. त्या गोन्तालाही बसव पंगतीत. सुरई जरा लांब ठेवा.

आगगाडीत मी कधी बसलो नाही. ओतोरा घाबरवते आहे की गर्दीत इंजिनाकडे पाठ करून बसावं लागतं, सगळं उलटं पळताना दिसतं आणि जीव घाबरतो. मी म्हटलं, मला तशीच जागा मिळू दे. जन्म उलटंच बघण्यात गेला, सरळ कुठे होतं ते मला चांगलं माहीत आहे.

पहिल्या गाडीने निघतो. रताळी आणायची का?

बाबा